पुरलेले आणि मानलेले

मराठी नियतकालिकांतून पुरातत्त्वविषयक लेखन आता नियमाने येऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. उत्खननांचे अहवाल इंग्रजीत, जाडजूड खंडांत आणि मोजक्या ग्रंथालयांत बंद असतात. ते सामान्य वाचकापर्यंत पोचवणे हे मोलाचे काम होय, आणि म. के. ढवळीकरांसारख्या पुरातत्त्वज्ञाने 'महाराष्ट्राची कुळकथा' लिहून ते स्वतः केले. या लेखनाविषयी आस्था आहे म्हणूनच त्यात वारंवार येणाऱ्या एका वाक्याची चिकित्सा करावी असे आम्हांस वाटते. मृताबरोबर भांडी पुरलेली आढळली, यावरून त्या लोकांचा मरणोत्तर जीवनावर विश्वास होता हे सिद्ध होते, असे ते वाक्य थोड्याफार फरकाने सर्वत्र भेटते. वाचक ते वाचून पुढे जातो. परंतु या वाक्यातील 'यावरून' आणि 'सिद्ध होते' यांच्यामध्ये जे अंतर आहे ते किती मोठे आहे, आणि ते ओलांडण्यासाठी लेखकाने कोणता पूल वापरला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारणे हाच या टिपणाचा हेतू आहे.

हा प्रश्न साहित्य संस्थेच्या पत्रिकेत कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. आमचे उत्तर असे की हा मुळात वाचनाचा प्रश्न आहे. एखाद्या कवितेत विरहाचे वर्णन आले म्हणून कवीच्या संसाराविषयी निष्कर्ष काढू नये, हे आपण समीक्षेच्या प्राथमिक पाठांतच शिकतो. शब्द समोर असतानाही कर्त्याच्या मनाविषयी बोलताना आपण इतके जपून बोलतो. मग जिथे शब्द नाहीत, कर्ता नाही, त्याच्या भाषेचे नावही ठाऊक नाही आणि समोर आहे ते केवळ एक गाडगे व काही अस्थी, तिथे ही सावधगिरी एकाएकी कुठे जाते?

पुरातत्त्वज्ञांनी स्वतः ही अडचण फार पूर्वी ओळखली आहे. ख्रिस्तोफर हॉक्स या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात अनुमानांची चढती श्रेणी मांडली. वस्तू कशी घडवली हे तिच्यावरून कळणे सोपे; त्या समाजाची उपजीविका कशी चालत असे हे कळणे त्याहून अवघड; समाजरचना व सत्ता यांविषयी बोलणे आणखी कठीण; आणि धर्म व आध्यात्मिक जीवन यांविषयी बोलणे सर्वांत कठीण. पुढे ही मांडणी 'हॉक्सची शिडी' म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर पुष्कळ टीकाही झाली. तरीही एक निरीक्षण लक्षात घेण्याजोगे आहे. आपले लोकप्रिय लेखन या शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर सर्वांत आधी आणि सर्वांत निर्धास्तपणे उडी घेते. भांडे किती तापमानाला भाजले हे सांगताना 'बहुधा' येते; ते थडग्यात का ठेवले हे सांगताना मात्र 'निःसंशय' येते.

प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. पुणे जिल्ह्यातील घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांची नावे या कामाशी निगडित आहेत, आणि त्याचा अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊ शतकांतील शेतकऱ्यांची ही वस्ती. तिथे शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. लहान मुलांना दोन कुंभांत, कुंभांची तोंडे एकमेकांस भिडवून, आडवे ठेवून घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. प्रौढांना डोके उत्तरेकडे करून उताणे निजवीत. आणि बहुतेकांची पावले घोट्यापासून तोडलेली आढळली. सोबत मातीची भांडी ठेवलेली असत. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगाविषयी इतका तपशीलवार आणि शिस्तबद्ध पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

आता या पुराव्याचे वाचन पाहू. एका दफनातील भांड्यावर लांब वल्ह्यांच्या नावेचे चित्र आहे. मृतात्म्याला परलोकी जाण्यासाठी पाणी ओलांडावे लागते या कल्पनेशी त्याचा संबंध असावा, असे सुचवले गेले. मराठी वाचकाच्या मनात लगेच वैतरणी उभी राहते आणि सूचना पटते. पण ती पटते कशामुळे? भांड्यावरच्या रेषांमुळे, की आपल्या मनात आधीच वाहत असलेल्या नदीमुळे? इनामगाव नदीकाठचे गाव आहे. नदीकाठच्या माणसाने नाव काढावी यात नवल काही नाही. ते भांडे घरात वापरात असलेले असू शकेल, मृताच्या आवडीचे असू शकेल, किंवा मृत मनुष्य स्वतःच नावाडी असू शकेल. वैतरणीचे वाचन अशक्य आहे असे आम्ही म्हणत नाही. ते इतर वाचनांहून अधिक संभवनीय आहे हे दाखवण्यासाठी अशी चित्रे दफनांतच वारंवार आढळावी लागतील आणि घरांत क्वचित. एका भांड्यावरून ते दाखवता येत नाही.

पावलांची गोष्ट अधिक कठीण आहे, कारण तिथे योगायोगाचे कारण पुरत नाही. अनेक प्रेतांची पावले एकाच ठिकाणी तोडली जातात, तेव्हा ती रूढी असते, आणि रूढीमागे काही विचार असतो. मृताचे भूत होऊन त्याने घराकडे परतू नये म्हणून पावले तोडली असावीत, हे उत्खननकर्त्यांचे स्पष्टीकरण सर्वज्ञात आहे. भुताची पावले उलटी असतात असे लहानपणापासून ऐकलेल्या आपणांस ते सहज रुचते. पण हेच लोक आपल्या मृतांना गावाबाहेर नेत नव्हते. ज्या जमिनीवर ते झोपत, स्वयंपाक करीत, त्याच जमिनीखाली पुरत होते. मृताची एवढी धास्ती वाटत असेल तर त्याला घरातच का ठेवावे? की मृताने घर सोडून जाऊ नये, याच इच्छेने पावले तोडली? एकाच खुणेची दोन स्पष्टीकरणे, एक भीतीचे आणि एक मायेचे, इथे सारख्याच बळाने उभी राहतात. कुऱ्हाडीचा घाव दोहोंतही सारखाच पडतो.

याच वस्तीच्या उत्तरकाळातील एका दफनाने कोडे आणखी गुंतागुंतीचे केले आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात, कच्च्या मातीच्या चार पायांच्या रांजणात, सुमारे चाळिशीचा एक पुरुष बसलेल्या स्थितीत पुरलेला आढळला, आणि त्याची पावले शाबूत होती. तो वस्तीचा प्रमुख असावा असे मानले जाते. घराचा आकार आणि दफनाचे वेगळेपण पाहता हे अनुमान सयुक्तिक आहे. हॉक्सच्या शिडीवरची ती तिसरी पायरी. पण 'प्रमुखाचे भूत होत नाही अशी श्रद्धा होती' असे म्हणताच आपण चौथ्या पायरीवर चढतो, आणि तिथे हाताला आधार लागत नाही.

बसलेल्या स्थितीविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण बेळगाव भागातील आमच्या वाचकांना ती स्थिती परकी नाही. लिंगायत समाजात मृताला बसवून, हाती इष्टलिंग देऊन समाधी देतात. नाथपंथी आणि दशनामी संन्यासी यांनाही बसलेल्या स्थितीत समाधी देण्याची रीत आहे. या तिन्ही परंपरांची तत्त्वदृष्टी एक नाही. किंबहुना काही बाबतींत ती परस्परविरोधी आहे. उद्या या परंपरांचे सारे वाङ्मय नष्ट होऊन केवळ सांगाडे उरले, तर उत्खनन करणारा त्यांना एकाच धर्माचे अनुयायी ठरवील, आणि त्याच्या पद्धतीत तांत्रिक चूकही दाखवता येणार नाही. इनामगावचा पुरुष तर कदाचित रांजणाच्या आकारामुळेच बसवला गेला असेल. आकृतीचे साम्य हे अर्थाचे साम्य नव्हे, हे एवढ्या एका उदाहरणावरून पटावे.

हा विचार आपल्यापैकी बहुसंख्यांना लागू करून पाहण्यासारखा आहे. आपण प्रौढांचे दहन करतो आणि अस्थी प्रवाहात सोडतो. दोन वर्षांखालील बालकाला मात्र पुरावे असे धर्मशास्त्र सांगते, आणि तशी रूढीही आहे. तीन हजार वर्षांनंतरच्या उत्खनकाला आपली बालके आणि आपले संन्यासी एवढेच सापडतील. हा समाज केवळ बालकांना व वैराग्यशील पुरुषांना आत्मा आहे असे मानीत असावा, असा निष्कर्ष त्याने काढला तर? वस्तुस्थिती नेमकी उलट असूनही तो निष्कर्ष पुराव्याला धरूनच असेल. आणि इनामगावच्या बालदफनांत आपल्या रूढीचे मूळ पाहणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की मनुस्मृती बालकाला गावाबाहेर पुरावयास सांगते, घराच्या जमिनीखाली नव्हे. साम्य सांगताना हा भेद गाळला जातो.

याहून मूलगामी अडचण अशी की, जिवंत माणसाला विचारूनही विधीमागील श्रद्धा एकच एक सापडत नाही. चितेभोवती पाण्याचा घट घेऊन प्रदक्षिणा घालतात, घटाला छिद्र पाडतात आणि शेवटी तो फोडतात. याचा अर्थ उपस्थितांपैकी पाच जणांना विचारला तर पाच उत्तरे मिळतील, आणि त्यांतले एक 'तसे करतात म्हणून' हे असेल. ते उत्तर देणारा मनुष्य अश्रद्ध नसतो. त्याच्यासाठी करणे हेच पुरेसे असते. मानणे त्याच्या मागून येते किंवा येतही नाही. आचार एक आणि श्रद्धा अनेक, ही स्थिती जर डोळ्यांदेखत आहे, तर आचाराच्या अवशेषावरून एक निश्चित श्रद्धा काढता येईल हे गृहीतच डळमळीत ठरते.

पीटर अको यांनी १९६९ मध्ये दफनसामग्रीच्या अर्थनिर्णयावर लिहिताना मानववंशशास्त्रातील अनेक उदाहरणे जमवून हाच मुद्दा मांडला. आफ्रिकेतील लुगबारा लोक मृताबरोबर काही वस्तू पुरतात. पण परलोकात त्या उपयोगी पडतील अशी त्यांची समजूत नाही. शिकाऱ्याचा भाता, यजमानाचे पेयपात्र अशा वस्तू हे त्या व्यक्तीच्या समाजातील स्थानाचे दृश्य रूप असते. ती व्यक्ती गेली म्हणून ते रूपही तिच्याबरोबर जाते. आपणही आजोबांचा चष्मा नि काठी कोणाला वापरायला देत नाही. त्यात आजोबांना पुढे दिसावे हा हेतू नसतो. 'थडग्यात वस्तू, म्हणजे परलोकावर विश्वास' हे समीकरण त्यामुळे नियम म्हणून टिकत नाही.

या समीकरणाची सर्वांत गाजलेली कथा इराकी कुर्दिस्तानातील शानिदार गुहेची आहे. राल्फ सोलेकी यांनी १९५१ ते १९६० या काळात तिथे निअँडरथल मानवाचे अनेक सांगाडे शोधून काढले. १९६० मध्ये मिळालेल्या चौथ्या क्रमांकाच्या सांगाड्याभोवतीच्या मातीत परागकणांचे पुंजके आहेत, असे पॅरिसमधील परागतज्ज्ञ आर्लेट लरवा-गुराँ यांना आढळले. मृताला फुलांच्या शेजेवर निजवले होते, असा अर्थ लावला गेला. सोलेकींचे पुस्तक १९७१ मध्ये आले, आणि त्याच्या शीर्षकातच निअँडरथलांना 'पहिले पुष्पजन' म्हटले होते. अमेरिकेत फुले हे शांततेचे आणि नव्या पिढीचे चिन्ह होते तो हा काळ, हे विसरता येत नाही. पाठ्यपुस्तकांनी ही कथा उचलली आणि फुले वाहणारा निअँडरथल जगभर पोचला. १९९९ मध्ये जेफ्री सोमर यांनी दाखवून दिले की त्या परिसरातील बिळे करणारा एक उंदीरवर्गीय प्राणी फुले बिळात साठवतो, आणि तशी बिळे दफनाजवळ होती. २०२३ मध्ये ख्रिस हंट व सहकाऱ्यांनी जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांकडे लक्ष वेधले. पुंजक्यांत एकाहून अधिक जातींच्या फुलांचे पराग मिसळलेले आहेत आणि ती फुले एकाच ऋतूत उमलणारीही नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

मात्र कथा इथे संपत नाही, आणि आमच्या दृष्टीने तिचा उत्तरार्धच अधिक बोधप्रद आहे. त्याच गुहेत नव्याने उत्खनन करणाऱ्या ग्रेम बार्कर, एमा पोमरॉय आदींच्या पथकाला २०१८ मध्ये आणखी एक सांगाडा मिळाला. त्याचा वृत्तान्त २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे पंच्याहत्तर हजार वर्षांपूर्वीची ही व्यक्ती चौथ्या क्रमांकाच्या सांगाड्याच्या अगदी लगत होती. गुहेतील त्याच जागी, त्याच खडकाशेजारी, एकाहून अधिक मृतांना आणून ठेवले होते असे या नव्या कामातून सूचित होते. फुले गेली; पण त्याच जागी पुन्हा येणे उरले. यात आत्मा नाही, परलोक नाही, देव नाही. मृताला वाटेल तिथे टाकायचे नसते, त्याची एक जागा असते, एवढाच अर्थ त्यातून निघतो. आमच्या मते तो फुलांच्या शेजेहून अधिक गंभीर आहे, कारण तो पुराव्यातून आला आहे.

उत्खनकाची स्वतःची श्रद्धा पुराव्याच्या आधीच पोचलेली असते, याची उदाहरणे जुनी आहेत. फ्रान्समधील ला शापेल-ओ-सँ येथे १९०८ मध्ये निअँडरथल मानवाचे दफन शोधणारे बुइसोनी बंधू कॅथलिक धर्मगुरू होते. त्यापूर्वीच्या पिढीतील गाब्रिएल द मोर्तिए हे धर्मसंस्थेचे कडवे विरोधक, आणि अश्मयुगीन मानवाला धर्म नव्हताच असे त्यांचे ठाम मत. एकाला दफनात आत्म्याची जाणीव दिसावी आणि दुसऱ्याला दफनच दिसू नये, यात दोघांच्या चरित्राचा वाटा उघड आहे. आपल्याकडे हैदराबाद संस्थानात चाकरी केलेल्या मेडोज टेलर यांचे उदाहरण आहे. ठगांवरील कादंबरीमुळे मराठी वाचक त्यांना ओळखतो. परंतु सुरपूर परिसरातील महापाषाणीय दफनांचे त्यांनी केलेले उत्खनन आणि काळजीपूर्वक काढलेली रेखाटने हे त्यांचे मोठे काम आहे. १८६० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाच्या शीर्षकातच या शिलारचनांना सेल्टिक, ड्रुइडांच्या अथवा सिथियन अशी विशेषणे लावली आहेत. युरोपातील शिळांसारख्या शिळा दिसल्या, तेव्हा युरोपातील पुरोहितही त्यांच्यामागून दख्खनमध्ये आले. टेलर यांची रेखाटने आजही उपयोगी पडतात; त्यांचे ड्रुइड मात्र कोणी मानीत नाही.

दख्खनच्या या शिलापेटिकांपैकी काहींच्या एका बाजूच्या शिळेला गोल छिद्र असते. आत्म्याला ये-जा करता यावी म्हणून ते ठेवले, हे वाचन पुष्कळदा भेटते. मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये कर्नाटकातील ब्रह्मगिरी येथे केलेल्या उत्खननात अशा पेटिकांत एकाहून अधिक व्यक्तींच्या निवडक अस्थी मिळाल्या. म्हणजे प्रेत अन्यत्र ठेवून नंतर अस्थी आणून ठेवण्याची रीत होती. अशी पेटिका पुन्हा पुन्हा वापरावयाची तर तिला दार हवेच. छिद्रातून आत्मा गेला की नाही हे ठाऊक होणे नाही. अस्थी आत ठेवण्याची सोय तेवढी नक्की झाली. दोन्ही अर्थ एकत्र नांदूही शकतात. तरीही साध्या गरजेचे स्पष्टीकरण आधी तपासावे आणि ते अपुरे पडले तरच पुढे जावे, हा क्रम आमच्या लेखनात सहसा पाळला जात नाही.

मूर्तींचा प्रश्न दफनांहून वेगळा नाही. मारिया गिंबुटास यांनी १९७४ पासून लिहिलेल्या ग्रंथांत जुन्या युरोपातील स्त्रीमूर्तींमागे एका महान देवीचा धर्म पाहिला, आणि त्या मांडणीचा प्रभाव आपल्याकडील मातृदेवताविषयक लेखनावरही पडला. इजिप्त, क्रीट आदी प्रदेशांतील लघुमूर्तींचा अभ्यास करून अको यांनी १९६८ मध्येच असा इशारा दिला होता की, अशा मूर्ती खेळणी, शिकवण्याची साधने, जादूटोण्याच्या वस्तू किंवा आणखीही काही असू शकतात. प्रत्येक मूर्ती कुठे, कशी, कशासोबत सापडली हे पाहिल्याविना तिला देवी म्हणू नये.

या कसोटीवर इनामगावचीच एक वस्तू मात्र उतरते, आणि तिच्यावर इथे अन्याय होऊ नये. एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची एक लंबगोल पेटी मिळाली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती. झाकणावर एक शिरोहीन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला जुळणारी छिद्रे असल्याने काडीच्या आधाराने ती बैलावर बसवता येत असे. खेळण्याला पेटीत बंद करून जमिनीखाली कोणी पुरत नाही. ही मांडणी हेतुपुरस्सर आहे, आणि रोजच्या गरजेने तिचा उलगडा होत नाही. इथे 'विधी' हा शब्द वापरण्याचा अधिकार आपल्याला आहे. परंतु या मूर्तीला पुढील काळातील शाकंभरी किंवा लज्जागौरीसारख्या देवतांचे नाव देण्याचा जो प्रयत्न झाला, तिथे आपण थबकले पाहिजे. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात ज्या शिरोहीन मूर्तींचा मागोवा घेतला, त्या इसवी सनानंतरच्या आहेत. इनामगावची पेटी आणि त्या मूर्ती यांच्यामध्ये हजार वर्षांहून मोठी पोकळी आहे. त्या पोकळीत धागा अखंड होता असे म्हणायचे असेल तर मधले काही टाके दाखवावे लागतील. मस्तक नसणे हा एकच टाका पुरत नाही.

गोव्यातील उसगळीमळ येथील चित्रांचेही तेच. कुशावतीच्या काठच्या जांभ्या खडकावर कोरलेली ही चित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांच्या नजरेस आली, आणि कोकणातील कातळशिल्पांबरोबर हे स्थळ २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेले. तिथे बैल आहेत, मनुष्याकृती आहेत, एकात एक वर्तुळांचे मोठे वलय आहे. माहितीपत्रके वलयाला चक्रव्यूह आणि एका आकृतीला मातृदेवता म्हणून मोकळी होतात. नाव दिले की पाहणे थांबते. बैल खडकावर आहे. मातृदेवता आपल्या फलकावर आहे.

या विषयावर मराठी भाषकाने केलेल्या सर्वांत धाडसी कामाचा उल्लेख केल्याविना हे टिपण अपुरे राहील. गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात पश्चिम दख्खनच्या वाटा पायी तुडवून असे दाखवले की, गावदेवतांची अनेक ठाणी नेमकी जुन्या वाटांवर आहेत आणि तिथे सूक्ष्मास्त्रे, म्हणजे दगडाची बारीक हत्यारे, विखुरलेली सापडतात. कोसंबींचे बळ असे की त्यांनी वस्तूला तिच्या जागेपासून तोडले नाही. ठाणे, वाट, पाणी, चराई आणि हत्यार यांना त्यांनी एकत्र वाचले. ज्या जागी माणसे हजारो वर्षे येत राहिली त्या जागेला महत्त्व होते, हे त्यांचे म्हणणे मान्य होण्यासारखे आहे. तथापि जागेची अखंडता म्हणजे श्रद्धेची अखंडता नव्हे. उत्पादनाची रीत बदलली की देवतेचा अर्थ बदलतो, हा तर कोसंबींच्याच विचाराचा गाभा. मग चौरस्त्यावरच्या आजच्या आईवरून अश्मयुगातील आई ओळखता येते, असे म्हणताना त्यांचीच पद्धत त्यांना अडवते. कोसंबींना मानणाऱ्यांनी त्यांची चाल घ्यावी. त्यांचा प्रत्येक मुक्काम घेण्याचे कारण नाही.

मग काय, प्रागैतिहासिक धर्माविषयी मौनच धरावे? आम्हांला तसे वाटत नाही. पराकोटीची शंका ही पराकोटीच्या खात्रीइतकीच आळशी असते. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९८५ मध्ये ग्रीसमधील फिलाकोपी येथील देवस्थानाचा अभ्यास मांडताना उपासनास्थळ ओळखण्याची लक्षणे नमूद केली, आणि एखाद्या वस्तूवरून नव्हे, तर अनेक लक्षणे एकत्र आली तरच निष्कर्ष काढावा असे बजावले. त्या धर्तीवर आम्ही चार साधे प्रश्न सुचवू. निसर्गाने किंवा प्राण्यांनी हे घडवले असेल काय? रोजच्या गरजेने त्याचा उलगडा होतो काय? तेच पुन्हा पुन्हा, त्याच रीतीने, आढळते काय? आणि ते जसे वाचले त्याहून वेगळे वाचले तर पुराव्यात काय कमी पडते? शानिदारची फुले पहिल्याच प्रश्नावर अडखळतात. शिलापेटिकेचे छिद्र दुसऱ्यावर अडते. नावेचे चित्र तिसऱ्यावर थांबते. इनामगावची तोडलेली पावले तीन प्रश्न पार करतात आणि चौथ्याशी थांबतात, म्हणून तिथे 'विधी होता' हे म्हणता येते, 'भूतभय होते' हे म्हणता येत नाही. आचार पुष्कळ अंशी हाती लागतो. त्याची नियमितता, त्यातील काळजी, श्रम आणि भेदभावही हाती लागतात. श्रद्धा हाती लागते ती बहुधा जिथे लिखित शब्द तिच्या सोबतीला येतो तिथेच.

हा काटेकोरपणा केवळ विद्वत्तेचा शौक नाही. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील सिनौली येथे ताम्रपत्रांनी मढवलेल्या लाकडी शवपेट्या आणि भरीव चाकांची वाहने सापडली, आणि पाहता पाहता त्या दफनांचा संबंध वैदिक अंत्यविधींशी जोडला गेला. ती वाहने घोड्याची की बैलाची, यावरच तज्ज्ञांत मतभेद आहेत. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील 'होमो नालेदी' या लहान मेंदूच्या प्राचीन मानवाने आपले मृत पुरले असा दावा झाला. पहिल्या फेरीत बहुतेक परीक्षकांनी पुरावा अपुरा ठरवला, तरीही चित्रपट घरोघरी पोचला. अस्थींवरचा हक्क आता राष्ट्र, धर्म आणि प्रसिद्धी असे तिघेही सांगतात.

महाराष्ट्राच्या सीमेवर आणि सीमेपलीकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी समाजांना तर यातील धोका लवकर कळावा. इथे प्रथम कोण आले, हे देवस्थान मुळात कोणाचे, हा खडक कोणाच्या पूर्वजांनी कोरला, असे प्रश्न आपल्या गावांत तात्त्विक राहत नाहीत. ते सभांत, न्यायालयांत आणि कधी रस्त्यावर येतात. इनामगावचे लोक मराठी बोलत नव्हते आणि ब्रह्मगिरीच्या शिळा रचणाऱ्यांची भाषा कोणती हे त्या शिळा सांगत नाहीत. त्यांच्या तोंडी आपली श्रद्धा घालणे म्हणजे त्यांना आपल्या भांडणात साक्षीला उभे करणे. ज्याची उलटतपासणी घेता येत नाही असा साक्षीदार सर्वच पक्षांना सोयीचा असतो.

तेव्हा या पत्रिकेत आणि अन्यत्र पुरातत्त्वावर लिहिणाऱ्या आमच्या लेखकबंधूभगिनींना एक विनंती आहे. काय सापडले, त्यावरून काय केले गेले असे दिसते, आणि ते करणाऱ्यांना काय वाटत असावे, ही तीन विधाने तीन वेगळ्या वाक्यांत लिहावीत. तिसऱ्या वाक्याला त्याचे प्रतिस्पर्धी वाक्य जोडावे. वाचनाची गोडी त्याने उणावत नाही. घोडकाठच्या कुण्या आईबापांनी आपले मूल दोन कुंभांत ठेवले, कुंभांची तोंडे जुळवली आणि आपण निजतो त्या जमिनीखाली ते पुरले, एवढे आपल्याला नक्की ठाऊक आहे. त्यांचा पुनर्जन्मावर विश्वास होता की नव्हता, हे त्यात भरल्याने त्यांच्याविषयीच्या आपल्या ज्ञानात काहीच भर पडत नाही.